एका घाण्याला दीड पान

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की भिवंडीत कुणाला कुणाशी धड बोलायला वेळ नसतो. माणकोलीपासून वळ-दापोड्यापर्यंतच्या गोडाऊनमध्ये अख्ख्या मुंबईची दिवाळी खोक्यांत भरली जात असते. कल्याण नाक्यावरून अंजूरफाट्याला जायला किती वेळ लागेल, हे रिक्षावाला सांगत नाही. विचारलं तर हसतो. कारखान्यांतल्या कामगारांच्या खिशात मुलखाकडच्या गाडीचं तिकीट असतं आणि निघण्याआधी त्यांना तागे मोजून, उचल वजा करून, बोनससकट हिशेब हवा असतो, त्यामुळे मेहता मंडळींची मान वहीतून वर येत नाही. अशा दिवसांत गावात कुणी निवांत वाचत बसलंय का, हे शोधायला निघालात तर हाती काही लागायचं नाही. उभ्याने वाचणाऱ्या मात्र सापडतील. त्यांतल्या एक आमच्या वरच्या मजल्यावर राहतात.

सगळी ब्राह्मण आळी त्यांना काकू म्हणते. नाव-आडनाव सांगण्यात अर्थ नाही, कारण काकू ही एक बाई नसून जमात आहे. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस दुपारी तीनच्या सुमारास कुठल्याही स्वयंपाकघरात डोकावा, भेटतील. उजव्या हातात झारा. ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला दिवाळी अंक, पान आपोआप उलटू नये म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी कपडे वाळत घालायचे चिमटे. चष्मा वाचताना नाकावर, चकली उलटताना कपाळावर. या चष्म्याच्या खाली-वर होण्यावरून कथा कशी चालली आहे, हे दारात उभं राहून सांगता येतं. बराच वेळ चष्मा वर गेला नाही आणि जळका वास आला, तर कथा उत्तम.

काकूंना लग्नानंतर काही वर्षांनी एक शोध लागला. खुर्चीत बसलेली बाई घरातल्या सगळ्यांना रिकामी दिसते. ती पुस्तक घेऊन टेकली, की कुणाचा तरी मोजा हरवतो. कुणाला चहा लागतो. कुणी नुसतंच येऊन ‘काय वाचतेस?’ विचारतं आणि उत्तर न ऐकता निघून जातं. पण कढईत तेल तापलेलं असताना बाईला कुणी हाक मारत नाही. उभ्या संसारात ज्यांनी आपला टॉवेल आपण घेतला नाही, ते काकासुद्धा ‘ती तळतेय’ असं स्वतःशी पुटपुटत उठतात आणि दोरीवरून टॉवेल काढतात. दारावरची बेल वाजली तर सून धावते. नातवंडांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत यायला बंदी. उकळतं तेल हा काकूंचा पहारेकरी आहे, आणि त्याच्यासारखा कडक पहारेकरी कुठल्याही वाचनालयात नाही.

आता लक्षात येईल की या घरात फराळ किती होणार, हे माणसांच्या संख्येवर ठरत नाही. ते त्या वर्षीच्या अंकांत दीर्घकथा किती आहेत, यावर ठरतं. एका वर्षी एका जाडजूड अंकात कुणा लेखकाने संपूर्ण कादंबरीच छापून घेतली, तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये तुळशीच्या लग्नापर्यंत चकल्या पुरल्या. लोक म्हणाले, काकूंचा हात सढळ. काका म्हणाले, हिला अंदाजच नाही. काकू काही म्हणाल्या नाहीत. नायिकेचं लग्न मोडेपर्यंत तळण थांबवणं त्यांना शक्यच नव्हतं, आणि ते लग्न लेखकाने फार लांबवलं होतं.

कुठल्या पदार्थासोबत काय वाचायचं, याचं शास्त्र त्यांनी अनुभवाने बसवलेलं आहे. चकलीचा घाणा कढईत सोडला की बुडबुडे ओसरेपर्यंत एक पान होतं, उलटून दुसरी बाजू होईपर्यंत अर्धं. म्हणजे एका घाण्याला दीड पान. कथा पंधरा पानांची असेल तर दहा घाणे. त्या हिशेबाने सकाळीच भाजणी काढून ठेवायची. शंकरपाळे मंद आचेवर सावकाश होतात, त्यांच्याबरोबर वैचारिक लेख. शेव बेइमान. ती मिनिटात लाल होते, म्हणून शेवेच्या वेळी फक्त व्यंगचित्रं आणि चार ओळींच्या कविता. खरं सुख बेसनाच्या लाडवांत. बेसन पाऊण तास हलवत राहावं लागतं, हात आपोआप फिरतो, डोळे मोकळे, आणि जळेल या भीतीने कुणी बाजूलाही करत नाही. बेसनाला काकू कादंबरी राखून ठेवतात. करंज्यांवर मात्र त्यांचा राग आहे. त्या करायला शेजारच्या बायका एकत्र जमतात, गप्पा होतात, हातात कातणं असतं आणि वाचता काहीही येत नाही. ‘करंजी हा सामाजिक पदार्थ आहे’ असं त्या तुच्छतेने म्हणतात.

का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे आरामखुर्चीत रेलून पाय लांब केलेला, पानसुपारीचं तबक शेजारी घेतलेला गृहस्थ असणार. ओट्यापाशी उभ्याने, हातात झारा घेऊन वाचणारी बाई त्यांनी नक्की कल्पिली नसेल. नाहीतर अंक थोडा कमी जाड आणि पुसता येईल अशा कागदावर काढला असता.

अंक येतात वाचनालयातून. दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरली की दोन-दोन अंक बदलून मिळतात, आणि पहिल्या दिवशी काउंटरपाशी जी झुंबड उडते, ती पाहून शेजारच्या फटाक्याच्या स्टॉलवाल्याला हेवा वाटतो. काकूंची यादी आठ दिवस आधी तयार. पहिल्या फेरीत ‘मौज’ आणि एखादा रहस्यकथांचा अंक. मौज लाडवांसाठी, रहस्य चकल्यांसाठी. शिवाय कल्याणला बहीण आहे. तिकडचं सार्वजनिक वाचनालय 1864 सालचं, आणि काकूंच्या मते जुन्या वाचनालयात अंक जास्त काळजीपूर्वक वाचले जातात, म्हणून ते स्वच्छ मिळतात. (काकूंकडून परत गेल्यावर कसे असतात, हा प्रश्न कल्याणकरांनी अजून विचारलेला नाही.) अंक बदलायला म्हणून शेअर रिक्षाने कल्याणला निघायचं आणि राजनोली नाक्याच्या कोंडीत अडकायचं, यातही त्यांना तोटा दिसत नाही. बाकीचे प्रवासी मेट्रोच्या खांबांकडे बघत सरकारच्या नावाने बोटं मोडतात. काकू वाचतात. एकदा वाहतूक अचानक मोकळी झाली तेव्हा त्यांच्या तोंडून ‘अरे देवा’ निघालं. शेवटची तीन पानं राहिली होती.

घरातल्या इतरांचंही वाचन असतं, पण ते लपूनछपून. काका एका कारखान्यात मेहता आहेत. दिवसभर तागे, सूत, बीम आणि बोनसचे आकडे लिहून ते घरी येतात आणि ‘मला या गोष्टीबिष्टींत रस नाही’ असं जाहीर करून अंक उचलतात. मग दारात उभ्याउभ्या, चपलासुद्धा न काढता, वार्षिक राशिभविष्य वाचतात. स्वतःचं वाचून झालं की मालकाचं. मालकाची रास त्यांना पाठ आहे. थोरला मुलगा माणकोलीच्या गोडाऊनमध्ये शिफ्ट सांभाळतो. सेलच्या दिवसांत तो घरी कधी येतो, ते आळीतल्या कुत्र्यांनाच ठाऊक. तो वाचत काही नाही, पण घरात खोकी आणि फुगेवाला प्लॅस्टिकचा कागद त्याच्यामुळे येतो. त्या कागदात गुंडाळलेल्या चकल्या पुण्याला लेकीकडे एकही तुकडा न पडता पोचतात.

याच थोरल्याची लहानपणीची एक गोष्ट आळीत सांगितली जाते. मधुकर पाटकरांनी 1951 साली सुरू केलेला ‘आवाज’ घरात यायचा. त्यातली खिडकीचित्रं प्रसिद्ध. वरच्या पानाची कापलेली खिडकी उघडायची, वरवर चावट वाटलेलं चित्र आत भलतंच सोज्वळ निघायचं. तरी मुलांनी ते वरवरचंही पाहू नये म्हणून काकूंनी सगळ्या खिडक्या चिकटवून टाकल्या. त्यासाठी काकांकरवी सायझिंगमधली खळ मागवली, सुताला चढवतात ती. थोरल्याने इडलीपात्राच्या वाफेवर अंक धरून सगळ्या खिडक्या सुबक उघडल्या, पाहिल्या आणि परत लावल्या. काकूंना कळलं ते इडल्या कच्च्या राहिल्यामुळे. पोराला यंत्रसामग्रीत गती आहे, हे त्या दिवशी ठरलं.

अशा बाईच्या तोंडी साहित्याबद्दल बोलताना मीठ-मसाल्याची भाषा येत असेल, असं कुणालाही वाटेल. अजिबात येत नाही. कथेला त्या खमंग म्हणत नाहीत, लेखाला अळणी म्हणत नाहीत. त्यांना ते पोरकट वाटतं. त्यांचा प्रकार उलटा आहे. जावेच्या घरचा चिवडा चाखून त्या म्हणाल्या, ‘आशय आहे, पण संपादन हवं होतं.’ दाणे-खोबऱ्याची गर्दी फार झाली होती, हे खरंच. नणंदेच्या करंजीवर शेरा, ‘सुरुवात जोमदार, शेवट गुंडाळलाय.’ सारण अर्ध्यापर्यंतच पोचलं होतं. मिठाईवाल्याकडच्या विकतच्या लाडवाला त्यांनी ‘अनुवादित’ म्हटलं आणि त्यावर काही बोलायला कुणाला जागाच ठेवली नाही.

पद्मनगरमध्ये त्यांची एक तेलुगू मैत्रीण आहे, पद्मशाली, घरी लूम. दिवाळीचा फराळाचा डबा तिकडे जातो आणि रिकामा परत यायचा नाही म्हणून थेट संक्रांतीला सकिनालु भरून येतो. तांदळाच्या पिठात तीळ-ओवा घालून, सोऱ्या न वापरता, नुसत्या बोटांनी पीठ सोडत केलेली वर्तुळात वर्तुळं. काकू ती दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरतात. हे मूळ भाषेतच वाचायला हवं, म्हणतात. भाजणीच्या भरवशावर मोठ्या झालेल्या बाईने याहून मोठी दाद आजवर कुणाला दिलेली नाही.

लेखकांना मात्र काकूंची खरी भीती वाटली पाहिजे ती एका बाबतीत. कथेत जेवणाखाणाचा प्रसंग आला की त्या झारा खाली ठेवतात. काही वर्षांपूर्वी एका कथेतल्या नायिकेने सकाळी तांदूळ भिजत घातले आणि संध्याकाळी नवरा घरी येईपर्यंत अनारसे तळून ठेवले. काकूंनी गॅस बंद केला. पोस्टकार्डावर संपादकांना लिहिलं, की अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलावं लागतं, मग उपसून, सावलीत फडफडीत करून, कुटून, चाळून, गूळ घालून गोळा मुरवावा लागतो. तेव्हा नवरा किमान आठवड्याने घरी आला असला पाहिजे. मधले दिवस तो कुठे होता, याचा खुलासा लेखकाने करावा. उत्तर आलं नाही. काकूंच्या मते, लेखकाला नकळत ती कथा फार चांगली झाली होती, फक्त त्याने चुकीचा भाग लिहिला.

अनारशांचा आणखी एक प्रसंग मी स्वतः पाहिलेला. कुठल्याशा कथेत मरणाला टेकलेली म्हातारी मुलाच्या पत्राची वाट पाहत होती. काकूंच्या डोळ्यांतून धारा. इकडे कढईत अनारसा तुपात पसरून तुकडे तुकडे झाला. ‘हसला गं बाई, हसला!’ काकू रडत ओरडल्या. बाहेरच्या खोलीत बसलेल्या सूनबाईला वाटलं, म्हातारी वाचली.

नवीन मंडळी म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, मोबाईलवर वाचता येतं की. तोही प्रयोग झाला. मोबाईलला चिमटा लागत नाही, पिठाच्या बोटाने पान सरकत नाही आणि मध्येच कुणाचा तरी व्हिडिओ कॉल येतो. तेल तापलेलं आहे, हे व्हिडिओ कॉल करणाऱ्याला दिसत नाही. पहारेकऱ्याची हद्द तिथे संपते. त्यापेक्षा जुने दिवस बरे होते, असं त्या म्हणतात, आणि जुने दिवस म्हणजे भारनियमनाचे. गावातली वीज 2007 साली खासगी कंपनीकडे गेली, त्याच्या आधीची गोष्ट. दिवे गेले की टीव्ही बंद, लूम बंद, सगळं घर गॅलरीत. ओट्यावर कंदील आणि काकू एकट्या. त्या काळात त्यांनी किती तळलं असेल!

पण लूम बंद पडल्या की त्यांचं दुसरंच दुखणं सुरू होतं. आमच्या मागच्या गल्लीत कारखाना आहे. बारा महिने धोट्याची खटखट. पाहुण्यांना पहिल्या रात्री झोप लागत नाही, आम्हाला ती ऐकूच येत नाही. लक्ष्मीपूजनाला कारखाना बंद होतो, कामगार मुलखात गेलेले असतात, आणि भिंतीपलीकडे अचानक काहीच नसतं. या दिवशी काकूंना एक ओळ वाचता येत नाही. डोळे पानावर आणि कान भिंतीकडे. कंटाळून त्या खाली आमच्याकडे येतात आणि ‘मिक्सर लाव जरा’ म्हणतात.

नरक चतुर्दशीला पहाटे कारीट फोडून झालं की पोह्यांचा बेत असतो. दूध-पोहे, दही-पोहे, गुळाचे, तिखट फोडणीचे. काल्हेरकडची एक आगरी बाई पूर्वी नव्या भाताचे पोहे घरी आणून द्यायची. आता तिच्या भाताच्या शेतावर गोडाऊन उभं आहे आणि तिचा मुलगा तिथेच सिक्युरिटीत आहे. पोहे दुकानातून येतात. काकूंना त्यावरून मोठं भाषण करता आलं असतं, या विषयावर दरवर्षी दोन-तीन अंकांत तरी लेख येतात. पण त्या दिवशी फोडणीचे पोहे दहा मिनिटांत होतात आणि एवढ्यात लेख होत नाही.

अंक परत जायला लागले की पुढच्या वाचकांचे हाल सुरू होतात. काकूंनंतर आळीतले एक निवृत्त मुख्याध्यापक नंबर लावून असतात. त्यांना आता पानावरच्या डागावरून दिनदर्शिका लागते. तेलाचा गोल डाग म्हणजे वसुबारसेच्या आधीचं वाचन, तुपाचा म्हणजे धनत्रयोदशीच्या मागचं-पुढचं. वेलदोड्याचा वास आला की ते पान जपून उलटतात, आत साखर असते. मागच्या वर्षी रहस्यकथेच्या शेवटच्या पानावर नेमकं खुन्याच्या नावावर बेसन वाळलं होतं. गुरुजींनी नखाने खरवडलं, तर नावही निघालं. दोन दिवस वाट पाहून ते जिना चढून काकूंकडे गेले. काकूंनी आधी त्यांना लाडू दिला, मग विचारलं, ‘तुम्हाला कोण वाटतो?’ गुरुजींनी सांगितलं. काकू म्हणाल्या, ‘तोच.’ तो नव्हता, हे मला माहीत आहे, कारण तो अंक मी विकत घेतला होता. पण गुरुजी इतक्या आनंदात खाली उतरले की मी गप्प राहिलो.

गेल्या भाऊबीजेला लेक पुण्याहून आली ती एअर फ्रायर घेऊन. आईने आयुष्यभर कढईसमोर उभं राहावं, हे तिला बघवत नव्हतं. खोकं उघडताना थोरल्याने बाजूचा स्टिकर वाचला. ते त्याच्याच गोडाऊनमधून निघून हिंजवडीला गेलं होतं आणि परत भिवंडीला आलं होतं. सगळ्यांनी कौतुक केलं. तेल नाही, धूर नाही, वेळ लावायची आणि निघून जायचं, घंटी वाजली की चकली तयार. ‘आता तू आरामात खुर्चीत बसून वाच,’ लेक म्हणाली. काकू खुर्चीत बसल्या. अंक उघडला.

‘आई, तू मोकळीच आहेस ना, जरा बाळाला धर,’ लेक म्हणाली. बाळाला धरलं. काकांना चष्मा सापडेना. सूनबाईने भाऊबीजेच्या ओवाळणीची नाणी कुठे ठेवली म्हणून विचारलं. खालून कुणी गॅसची टाकी आली म्हणून ओरडलं. घंटी वाजली, चकल्या झाल्या होत्या, आणि काकूंची पहिली ओळ व्हायची होती.

ते यंत्र सध्या आमच्या घरी आहे. लेक पुण्याला गेली त्याच संध्याकाळी काकू स्वतः खोक्यासकट घेऊन आल्या. बायकोने संकोचाने विचारलं, ‘काकू, अहो नवं कोरं आहे, बिघडलंय का काही?’

‘छे गं, उत्तम आहे,’ काकू म्हणाल्या. ‘वाचायचं नसेल तर फार चांगलं आहे.’